तुमचे प्रश्न : टीपॉट चांदीचा, भांडण चहाचं

गेल्या अंकात पॉल रिव्हियरच्या त्या प्रसिद्ध चित्राबद्दल चार ओळी काय लिहिल्या, बॉस्टनचा चांदीकारागीर हातात टीपॉट घेऊन बसलाय ते चित्र, तर प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. सगळे घेणं शक्य नाही, ज्यांत बोलण्यासारखं जास्त होतं ते घेतलेत आणि एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, चित्र १७६८ सालचं म्हणता. तेव्हा तर चहावर टॅक्स बसला होता आणि बॉस्टनमध्ये बोंबाबोंब चालू होती. मग हा एवढा देशभक्त माणूस नेमका टीपॉटच का धरून बसलाय?

उत्तर : कारण तेव्हा तो आपल्याला माहीत असलेला देशभक्त वगैरे व्हायचा होता हो, ब्रिटिश सैन्य निघालंय हे कळवायला केलेली ती मध्यरात्रीची घोड्यावरची दौड १७७५ च्या एप्रिलमधली. १७६८ मध्ये तो तिशीतला, हाताशी भरपूर काम असलेला कारागीर आहे आणि चित्रकार जॉन सिंगलटन कॉप्ली त्याला तसाच दाखवतोय. डोक्यावर विग नाही, कोट नाही, नुसता पांढरा शर्ट आणि वर बंडी. त्या काळात पैसे मोजून पोर्ट्रेट काढून घेणारे लोक ठेवणीतले कपडे घालून बसायचे, हा कामाच्या कपड्यात बसलाय म्हणजे जाणूनबुजूनच. टीपॉट नीट बघा, त्याच्यावर नक्षी नाहीये, अजून कोरायची आहे, खाली चामड्याची वाळूची गादी आहे आणि समोर टेबलावर कोरायची हत्यारं पडलीत. भांड्याला पॉलिश इतकं की धरलेल्या बोटांचं प्रतिबिंब त्यात दिसतं, कॉप्लीनं तिथे खरी कमाल केलीय.

टॅक्सचं म्हणाल तर टाउनशेंड कायदे, म्हणजे ब्रिटिश संसदेनं अमेरिकेतल्या वसाहतींवर बसवलेले कर, १७६७ चे, चहावर पौंडामागे ३ पेन्स, आणि आरडाओरडा होता हे खरंच आहे पण म्हणून लोकांनी चहा सोडला होता असं अजिबात नाही. डच चहा चोरवाटेनं मुबलक यायचा. आणि त्याच १७६८ साली रिव्हियरनं दुसरंही एक भांडं केलंय, सन्स ऑफ लिबर्टी बोल. बोल म्हणजे वाडगा, आणि सन्स ऑफ लिबर्टी ही या करांना विरोध करणारी संघटना. मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेतल्या ९२ जणांनी टाउनशेंड कायद्यांविरुद्धचं पत्र मागे घ्यायला नकार दिला, त्यांच्या सन्मानार्थ संघटनेतल्या १५ जणांनी मिळून हा बोल करवून घेतला, पंच नावाची दारू वाढायला. वजन ४५ औंस, मावतं ४५ गिल, गिल हे द्रव मोजायचं जुनं माप. हा ४५ आकडा म्हणजे लंडनच्या जॉन विल्क्सनं राजाच्या भाषणावर टीका केली त्या त्याच्या पेपरचा अंक नंबर. म्हणजे एकाच दुकानातून एकाच वर्षी राजकारण कोरलेला बोलही निघतोय आणि एखाद्या बड्या घरचा टीपॉटही. धंदा धंद्याच्या जागी.

आता खरी गंमत. कॉप्लीचं १७६९ मध्ये लग्न झालं ते रिचर्ड क्लार्क नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी. पुढे १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा जो चहा बॉस्टन बंदरात बुडवला तो ज्यांच्या नावावर आला होता त्यातलाच एक हा सासरा! जावयानं मध्यस्थी करून पाहिली, उपयोग झाला नाही, आणि १७७४ मध्ये तो युरोपला गेला तो गेलाच. चित्र मात्र बॉस्टनमध्येच राहिलं, रिव्हियरच्या वंशजांनी १९३० मध्ये तिथल्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सला दिलं, बोलही तिथेच आहे.

प्रश्न : अमेरिकेच्या त्या तेरा वसाहतींत चांदीच्या खाणी नव्हत्या असं वाचलं. मग एवढी भांडी कुठल्या चांदीची? आणि चांदी महाग असताना तिची भांडीच का, पैसे साठवायचे ना सरळ.

उत्तर : दोन प्रश्न आहेत आणि दोघांचं उत्तर एकच आहे. भांडी म्हणजेच साठवलेले पैसे!

खाणी नव्हत्या हे बरोबर. चांदी यायची नाण्यांच्या रूपात, मुख्यतः स्पॅनिश. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाचे व्यापारी वेस्ट इंडिजला मासे, लाकूड, धान्य पाठवायचे आणि बदल्यात साखर, मळी आणि स्पॅनिश डॉलर यायचे, ते आठ रियालवाले. ही चांदी मेक्सिकोतून आणि पेरूकडच्या पोतोसीतून निघालेली. पोतोसीत मूळ रहिवाशांना सक्तीनं खाणीत पाठवायची पद्धत होती, हे त्या चकाकत्या भांड्यांकडे बघताना लक्षात असू द्या.

आता समजा तुम्ही १७२० च्या बॉस्टनमधले व्यापारी आहात आणि घरात ४०० स्पॅनिश डॉलर पडलेत. बँक नाही. चोर आला तर? नाणं नाण्यासारखंच असतं, हे माझं म्हणून कोर्टात सिद्ध कसं करणार. म्हणून पिशवी उचलायची, चांदीकारागिराकडे जायचं, त्याच्यासमोर वजन करायचं आणि सांगायचं की एक टँकर्ड कर, झाकणवाला मोठा मग तो, आणि उरलं त्याचे चमचे. तो मुशीत वितळवणार, घडवणार, स्वतःचा ठसा मारणार आणि तुमची आद्याक्षरं किंवा घराण्याचं चिन्ह कोरून देणार. चांदी तुमचीच, त्याला फक्त घडणावळ. जुनी फॅशन गेली की तेच भांडं मोड म्हणून घालायचं आणि नवीन करून घ्यायचं, आपल्याला हे समजावून सांगायची गरजच नाही म्हणा. स्पॅनिश डॉलरची चांदी जवळपास ९२ टक्के शुद्ध, म्हणजे स्टर्लिंगच्या ९२.५ च्या अगदी जवळ, त्यामुळे कसाची फारशी भानगडही नव्हती.

आद्याक्षरांची पद्धत मला फार आवडते. तीन अक्षरं त्रिकोणात, वर आडनावाचं, खाली एका बाजूला नवऱ्याच्या नावाचं आणि दुसऱ्या बाजूला बायकोच्या. भांडं चोरीला गेलं की पेपरात जाहिरात यायची, अमुक ठसा, अमुक अक्षरं, अमुक वजन, कोणी विकायला आणलं तर अडवून ठेवा. पुष्कळ भांड्यांच्या तळाला वजनही खरवडलेलं सापडतं, औंस आणि पेनीवेट. म्हणजे चहा ओततानासुद्धा यजमानाला माहीत असणार की हातात नेमके किती पैसे आहेत.

आणि याच्या मुळाशी जो माणूस आहे तो जॉन हल. १६५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सनं स्वतःची टांकसाळ काढली, इंग्लंडला न विचारता, आणि ती चालवायला दिली हलकडे. त्यानं रॉबर्ट सँडरसनला बरोबर घेतलं. पाइनचं झाड असलेली ती शिलिंगं यांचीच, वर्षानुवर्षं पाडली तरी बहुतेक नाण्यांवर साल १६५२ च. आणि वसाहतीत घडलेली जी सगळ्यात जुनी चांदीची भांडी आज शिल्लक आहेत तीही याच दोघांच्या ठशाची. नाणं पाडणारा आणि पेला घडवणारा माणूस एकच, यातच सगळं आलं. अर्थात यात मोहही आहे, ऱ्होड आयलंडचा सॅम्युअल केसी, उत्तम कारागीर, नकली नाणी पाडताना सापडला आणि १७७० मध्ये फाशीची शिक्षा झाली. तोंडाला काळं फासलेल्या जमावानं तुरुंग फोडून त्याला सोडवलं, म्हणजे गिऱ्हाइकं बरीच खूश असावीत.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या सोनारकाम आहे. मशीन नसताना टीपॉट एका अंगात कसा करायचे, आणि हँडल लाकडाचं का? चांदी कमी पडायची का?

उत्तर : नाही हो, चांदी चटका देते म्हणून! चांदीइतकी उष्णता वाहणारा दुसरा धातू नाही, उकळतं पाणी ओतलं की हँडल धरणारा टीपॉट सोडूनच देईल. म्हणून लाकूड, ते वर-खाली चांदीच्या खोबणीत बसवून आरपार खिळ्यानं पक्कं करायचे. झाकणाची मूठही पुष्कळदा लाकडाची.

बाकी काम तुम्हाला ओळखीचं वाटेल. मुशीतला रस साच्यात ओतून लगड, लगड ठोकून जाड पत्रा, त्याची गोल चकती. चकतीच्या मध्यावर टोकदार पंचनं एक ठिपका, कंपासचं टोक ठेवायला, आणि मग त्या ठिपक्याभोवती वर्तुळं आखून खुंट्यावर ठेवून एकेका फेरीत हातोड्यानं कड आत घेत वर चढवत न्यायची. चार-दोन फेऱ्या झाल्या की चांदी ताठरते, तशीच मारत राहिलात तर तडकणार, म्हणून ताव द्यायचा, लाल झाली की विझवायची, परत ठोकायला घ्यायची. असं कितीतरी वेळा. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोड्यानं मठारून घ्यायचं म्हणजे आधीचे घाव बुजतात. तोटी आणि हँडलच्या खोबण्या वेगळ्या ओतून डाग देऊन जोडायच्या, तोटी बसते तिथे पोटाला आतून बारीक भोकं पाडायची, चहाची पत्ती अडायला. तो मधला ठिपका आजही जुन्या भांड्यांच्या तळाला दिसतो, आणि हातानं घडवल्याची ती एक चांगली खूण आहे.

शिकाऊ मुलगा साधारण सात वर्षं मालकाच्या घरी राहायचा. रिव्हियरचा बाप असाच आलेला, फ्रान्समधून एकटा, प्रोटेस्टंट ह्यूगनो कुटुंबातला तेरा वर्षांचा पोरगा, नाव अपोलोस रिव्होआर, बॉस्टनच्या जॉन कोनीकडे लागला. नंतर नाव बदलून पॉल रिव्हियर केलं आणि तेच मुलाला दिलं. हा कोनी म्हणजे दादा माणूस, त्याचा १७१० च्या आसपासचा एक टीपॉट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, नासपतीच्या आकाराचा आणि चक्क छोटासा. छोटा कारण चहाच तेवढा महाग होता. पुढे चहा स्वस्त झाला तसे टीपॉट फुगत गेले, आधी सफरचंदासारखे गोल, मग १७६० च्या सुमाराला उलट्या नासपतीसारखे, चित्रात आहे तसा.

आणि दुकानात फक्त मालक आणि शिकाऊ पोरंच असायची असं नाही. चार्ल्सटनसारख्या गावांत गुलाम कारागीर हेच काम करायचे, ठसा अर्थातच मालकाचा. आपण म्युझियममध्ये पाटीवर जे नाव वाचतो ते दुकानाचं नाव असतं, हाताचं असेलच असं नाही.

स्वातंत्र्ययुद्धानंतर सगळं बदललं, १७८५ मध्ये रिव्हियरनं पत्रा लाटायचं यंत्र घेतलं, मग तयार पत्रा वाकवून शिवण जोडली की टीपॉटचं अंग तयार. त्याचे ते उभ्या पन्हळींचे टीपॉट असेच झालेत. सुंदर आहेत, पण मला विचाराल तर ठोकून चढवलेल्या भांड्याच्या कडेला जो जिवंतपणा असतो तो त्यात नाही.

प्रश्न : चहा प्यायला इतकी हत्यारं कशाला लागायची? एका फोटोत चिमटा, भोकाचा चमचा, ट्रे, दोन-दोन वाडगे. आम्हाला कप बशी पुरते.

उत्तर : कारण चहा हे नुसतं पेय नव्हतं, ते प्रदर्शन होतं. दुपारनंतर पाहुणे आले की घरची बाई किंवा मोठी मुलगी सगळ्यांसमोर बसून चहा करणार. पत्तीचा डबा कुलपात असायचा, किल्ली बाईसाहेबांकडे, नोकरांच्या हाती लागू नये म्हणून. साखर मोठ्या सुळक्यासारखी यायची, तिचे खडे फोडून ठेवलेले, ते उचलायला कात्रीसारखा चिमटा. कप चिनी मातीचे, कानाशिवायचे, म्हणजे वाटीच. दोन वाडग्यांतला एक साखरेचा, दुसरा कपात उरलेला थंड चहा आणि गाळ ओतायला. तुमचा भोकाचा चमचा खास आहे, त्याची नक्षीदार भोकं कपात तरंगणारी पत्ती उचलायला आणि दांड्याचं अणकुचीदार टोक टीपॉटच्या आतली ती बारीक भोकं तुंबली की मोकळी करायला. आणि तो ट्रे चमचे ठेवायचा, ओले चमचे टेबलक्लॉथवर ठेवायचे नसतात.

सगळ्यात भारी नियम चमच्याचा. पुरे झालं हे तोंडानं सांगायचं नाही, चमचा कपावर आडवा ठेवायचा. ते केलं नाही तर कप भरतच राहणार. १७८२ मध्ये फ्रान्सचा प्रिन्स द ब्रॉयी फिलाडेल्फियाला रॉबर्ट मॉरिस या बड्या व्यापाऱ्याच्या बायकोकडे चहाला गेला, त्याला हे ठाऊकच नाही, बिचारा शिष्टाचार म्हणून पीत राहिला. बाराव्या कपाला फ्रेंच राजदूतानं दया येऊन कानात सांगितलं की बाबा रे चमचा आडवा ठेव. त्यानंच लिहून ठेवलंय हे, आणि चहाला "कोमट पाणी" म्हणून सूड उगवलाय.

प्रश्न : बॉस्टन टी पार्टीत समुद्रात टाकलेला चहा भारतातला होता ना? ईस्ट इंडिया कंपनीचा होता म्हणून विचारतोय.

उत्तर : नाही. सगळा चीनचा, बराचसा बोहिया नावाचा काळा चहा आणि थोडा हिरवा. आसामात कंपनीनं चहाची लागवड सुरू केली ती १८३० च्या दशकात.

प्रश्न : टी पार्टीनंतर अमेरिकन लोकांनी चहा सोडून कॉफी धरली म्हणतात. मग त्या महागड्या टीपॉटांचं काय केलं? वितळवले?

उत्तर : याच्यावर खरं तर सगळ्यात जास्त पत्रं आलीत. आधी घटनाक्रम. १७७३ च्या मे महिन्यात टी ॲक्ट आला. गैरसमज असा की त्यानं चहा महाग झाला, उलट स्वस्त झाला, कंपनीला थेट वसाहतीत माल पाठवायची परवानगी मिळाली. पण ते ३ पेन्स तसेच राहिले आणि ठरावीक लोकांनाच माल मिळणार, म्हणजे बाकीच्या व्यापाऱ्यांच्या आणि डच चहा चोरून आणणाऱ्यांच्या पोटावर पाय. तत्त्वही होतं आणि पोटही होतं, दोन्ही धरून चला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवरच्या ३४० च्या वर पेट्या फोडून पाण्यात टाकल्या, सुमारे ९२,००० पौंड चहा म्हणजे जवळजवळ ४२ टन. ही बातमी घेऊन न्यूयॉर्कला घोडा दामटत गेला तो आपला रिव्हियरच.

आता त्याच वर्षीची त्याची ऑर्डर ऐका. वॉर्सेस्टरचा डॉक्टर विल्यम पेन, लग्न ठरलेलं, होणारी बायको लोइस ऑर्न. तिच्यासाठी त्यानं रिव्हियरकडून ४५ नगांचा चांदीचा संच करवून घेतला, कॉफीपॉट, टीपॉट, टँकर्ड, दुधाचं भांडं, चिमटा, चमचे, वर ऑर्न घराण्याचं चिन्ह. रिव्हियरला आयुष्यात मिळालेली ही सगळ्यात मोठी ऑर्डर. आणि हा पेन पक्का राजनिष्ठ, पुढे ब्रिटिश सैन्याबरोबर गेला! तीनएक महिन्यांच्या अंतरानं तोच कारागीर चहाच्या भांड्यांचं बिल करतोय आणि चहा बुडवणाऱ्यांच्या बाजूनं घोडा पळवतोय. त्याला ढोंगी म्हणणारे आहेत, मला नाही पटत ते. घरात खाणारी तोंडं भरपूर होती, आणि चांदीला पक्ष नसतो. संच आज वॉर्सेस्टर आर्ट म्युझियममध्ये आहे.

तर टीपॉटांचं काय झालं. बहुतेक तिथेच राहिले, टेबलावर, आणि त्यात दुसरं काहीतरी उकळलेलं पडायला लागलं. रासबेरीची पानं, सेज, लॅब्राडॉर टी म्हणून एक झुडूप, त्याला कौतुकानं लिबर्टी टी म्हणायचे. बायकांचा वाटा यात मोठा, कारण चहा त्यांच्या हातात होता. बॉस्टनच्या ३०० हून जास्त गृहिणींनी १७७० मध्येच चहा न पिण्याची शपथ घेतली होती, टी पार्टीच्या आधी. नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडेंटन गावात २५ ऑक्टोबर १७७४ ला ५१ बायकांनी बहिष्काराच्या ठरावावर आपापल्या नावानं सह्या केल्या, ते लंडनच्या पेपरात छापून आलं आणि तिथे त्यांची टिंगल करणारं व्यंगचित्र निघालं. त्यात बायका डब्यातला चहा टोप्यांमध्ये ओततायत. बायकांनी राजकारणात सही करणं हाच त्यांना विनोद वाटत होता.

आणि जॉन ॲडम्सचा किस्सा तर मला अतिशय आवडतो. जुलै १७७४, पस्तीस मैल घोड्यावरून दमून खाणावळीत पोचला आणि मालकिणीला विचारलं, की बाई, एका थकल्या प्रवाशाला कपभर चहा चालेल का, म्हणजे प्रामाणिकपणे स्मगल केलेला असेल, टॅक्स न भरलेला असेल, तर? ती म्हणाली नाही, आम्ही इथे चहा सोडलाय, कॉफी करून देते. मग हा रोज दुपारी कॉफी प्यायला लागला आणि बायकोला पत्रात लिहितो की चहा सगळ्यांनीच सोडायला हवा, मलाही त्याची सवय मोडायलाच हवी, जितक्या लवकर तितकं बरं. म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष होणाऱ्या माणसालाही जड जात होतं.

पण कायमचा सोडला का? छे. युद्ध संपलं आणि १७८४ च्या फेब्रुवारीत एम्प्रेस ऑफ चायना हे जहाज न्यूयॉर्कहून थेट चीनमधल्या कँटनला निघालं, पुढच्या वर्षी चहा भरून परत. आणि तेव्हाच तर चांदीचे जुळणारे टी सेट जोरात व्हायला लागले, टीपॉट, साखरदाणी, दुधाचं भांडं एकाच नक्षीचे. कॉफीनं खरी बाजी मारली ती एकोणिसाव्या शतकात, ती स्वस्त झाली म्हणून. देशभक्तीनं सुरुवात केली असेल, काम किमतीनं केलं.

वितळवण्याचं म्हणाल तर ते कायमच चालू होतं, बहिष्कारामुळे नाही, फॅशनमुळे. जुन्याचं नवं करताना जेवढं मोडलं गेलं त्याच्या मानानं शिल्लक आहे ते थोडंच.

प्रश्न : तेव्हा सगळेच चांदीतून खायचे का? चित्रांत तसं वाटतं.

उत्तर : चित्रं पैसेवाल्यांची असतात, दुसरं काय. साध्या घरात लाकडाच्या थाळ्या, मातीची भांडी आणि प्यूटर, म्हणजे कथलाचा मिश्रधातू. चांदीचे दोन-चार चमचे असले तरी ते मृत्युपत्रात नाव घेऊन वाटले जायचे. बेंजामिन फ्रँकलिननं आत्मचरित्रात सांगितलंय, तो सकाळी दोन पेनीच्या मातीच्या वाडग्यात प्यूटरच्या चमच्यानं दूध-पाव खायचा. एक दिवस बघतो तर चिनी मातीचा वाडगा आणि चांदीचा चमचा. बायकोनं न विचारता आणलेले, २३ शिलिंग मोजून. कारण काय, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे आहे तर माझ्या नवऱ्याकडे का नको. पुढे वाढता वाढता घरातली चांदी आणि चिनी मातीची भांडी काही शे पौंडांची झाली असंही तोच लिहितो.

प्रश्न : अमेरिकेत असलेल्या नातेवाइकांनी आम्हाला "रिव्हियर बोल" भेट दिला. खाली इंग्रजीत स्टर्लिंग लिहिलंय. हा अस्सल, पॉल रिव्हियरच्या वेळचा असू शकतो का? आणि काळा पडलाय तर बेकिंग सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइलचा उपाय करू का?

उत्तर : भेट छान आहे पण नाही, त्याच्या वेळचा नाही. वर ज्या लिबर्टी बोलबद्दल लिहिलं त्याच्या आकाराच्या नकला विसाव्या शतकात ढिगानं निघाल्या, बक्षीस म्हणून, लग्नात देण्यासाठी, आणि त्या आकारालाच रिव्हियर बोल म्हणतात. तुमच्यावर स्टर्लिंग लिहिलंय म्हणजे चांदी खरी, ९२.५ टक्के, पण तो शब्दच सांगतो की भांडं उशिराचं आहे. अमेरिकेत तो ठसा सर्रास मारायला लागले ते १८५० नंतर. वसाहतीत इंग्लंडसारखं कस तपासणारं सरकारी ऑफिसच नव्हतं, कारागिराचा स्वतःचा ठसा हीच गॅरंटी, कधी नुसती आद्याक्षरं, कधी आडनाव चौकटीत. रिव्हियर आपलं आडनाव मारायचा. मात्र नुसतं आडनाव दिसलं म्हणूनही नाचू नका, खोटे ठसे मारणारे फार जुने आहेत, खऱ्या जुन्या पण ठसा नसलेल्या भांड्यावर मोठं नाव मारलं की किंमत कुठल्या कुठे जाते. आणि कोणाकडे विजेनं मुलामा दिलेलं भांडं वसाहतकाळातलं म्हणून असेल तर त्या पद्धतीची पेटंटं १८४० ची आहेत, तेव्हा प्रश्नच मिटला.

फॉइलचा उपाय तुमच्या बोलला मारक नाही पण करू नका असं मी म्हणेन, नक्षीच्या खाचांतली काळी छटा पण निघून जाते आणि भांडं पांढरंफटक दिसतं. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, त्यामुळे अंडी, कांदे, रबर यांच्यापासून लांब ठेवा, मऊ कापड आणि चांदीचं साधं पॉलिश पुरतं, वर्षातून एकदा. जोरात घासायचं नाही, दर वेळी थोडी चांदी जातेच, किती तरी जुन्या टीपॉटांवरची अक्षरं अशी घासूनच गेलीत. आणि फोटो पाठवायचेच असतील तर बोलचा समोरून नको, तळाचा पाठवा, उजेडात, ठसा वाचता येईल असा.